अकरावी-बारावीची मुलं आणि पालक : आता आपण नेमकं करायचं काय?

मृद्गंधा – २४ ऑगस्ट, रात्री १०:५२

लेक दहावी झाली आणि नाशिकमध्येच एका कॉलेजात सायन्सला लागली. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाल्यामुळे पसंतीक्रम, याद्या, पुढे ढकललेल्या तारखा हे सगळं आम्हीही भोगलं. ते एकदाचं संपलं आणि आता घरात मला विचित्र रिकामपण आलंय.

शाळेत असताना दर चाचणीनंतर पालकसभा असायची. उत्तरपत्रिका घेऊन बाईंसमोर बसायचं, कुठे दोन मार्क गेले ते बघायचं, मागे रांगेतले पालक खाकरायला लागले की उठायचं. कॉलेजनं एकदाच सभागृहात बोलावलं. प्राचार्यांनी ७५ टक्के हजेरी आणि मोबाइल यावर भाषण केलं, चहा झाला, विषय संपला. क्लास वेगळीकडे. त्याचं ॲप माझ्या फोनवर आहे आणि दर रविवारच्या टेस्टचे मार्क आणि रँक त्यावर येतात. एकूण, कॉलेजला माझं काही काम नाही आणि क्लासला फक्त माझा नंबर हवाय.

अभ्यास मी घेऊ शकत नाही. माझं कॉमर्स, नवऱ्याचं आयटीआय. विचारलं तर "आई, तुला नाही कळणार", नाही विचारलं तर "तुला पडलेलीच नाहीये". ज्यांची मुलं यातून पार पडलीत त्यांनी सांगा, तुम्ही या दोन वर्षांत रोज, खरोखर काय करत होतात? "मुलांवर विश्वास ठेवा" छापाचे सुविचार कृपया नकोत, ते कौटुंबिक ग्रुपवर रोज सकाळी येतात.


शेपूचा_चाहता – २४ ऑगस्ट, रात्री ११:०६

डबा, पेट्रोल, फी. बाकी तोंड बंद. (दिवे घ्या, गंमत करतोय.)


कोकणकडा – २४ ऑगस्ट, रात्री ११:१५

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमचा नववीत आहे, पण धडकी आत्ताच भरलीये.


खडू_डस्टर – २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

ताई, कॉलेजला तुमचं काम नाही असं तुम्हाला वाटतं, कारण आम्ही बोलावत नाही. आम्ही बोलावत नाही कारण बोलावलं तर कोणी येत नाही. एका तुकडीत १२० मुलं असतात, आणि वर्षभरात आपण होऊन भेटायला येणारे पालक हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीचे थेट बारावीच्या जानेवारीत येतात, हजेरी कमी भरली म्हणून पत्र गेलं की. तेव्हा आई रडत असते, वडील कोणाचा तरी फोन लावून देत असतात आणि मुलगा खाली मान घालून उभा असतो. त्या वेळी आमच्या हातात फारसं काही राहिलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं : सप्टेंबरात एकदा कॉलेजात जा. तक्रार घेऊन नको, नुसतं जा. वर्गशिक्षक कोण ते विचारा, प्रयोगशाळा कुठे आहे ते बघा, प्रात्यक्षिकाचं जर्नल वेळेवर तपासून होतंय का एवढं विचारा. तुमचा चेहरा एकदा ओळखीचा झाला की पुढे काही खटकलं तर मीच फोन करतो. जिचे पालक कधी दिसलेच नाहीत तिच्या घरी फोन करायला मी दहा वेळा विचार करतो, घरी त्याचं काय होईल याचा अंदाज नसतो म्हणून.

दुसरं. क्लासवाले सांगतात, "बोर्डाला फक्त पास व्हा." हे अर्धवट आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असतं. गणिताला ८० आणि २०. राज्याच्या एमएचटी-सीईटीतून इंजिनिअरिंगला जायचं तर खुल्या गटाला बारावीच्या ग्रुपमध्ये, म्हणजे प्रवेशासाठीच्या तीन विषयांत मिळून, ४५ टक्के लागतात, ते बहुतेकांना मिळतात. पण देशपातळीवरच्या जेईईतून एनआयटी वा आयआयटी हवी असेल तर बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. जेईईला उत्तम स्कोअर आणि बारावीला ७१ टक्के, असं घेऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ही अट आई-वडिलांना ठाऊक असावी. त्यासाठी फिजिक्स यायची गरज नाही.

तिसरं, अकरावी. "अकरावीला काय, कॉलेजच पास करतं" हे वाक्य घरातून हद्दपार करा. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो, मेडिकलच्या नीट परीक्षेला आणि जेईईला तर दोन्ही वर्षं सारखीच महत्त्वाची. दहावीनंतर आराम म्हणून अकरावी सोडली की बारावीत दोन वर्षांचं एकदम अंगावर येतं, आणि तेव्हा घरात भांडणं सुरू होतात.

क्लास-कॉलेजच्या टाय-अपबद्दल लिहायला बसलो तर बोटं थांबणार नाहीत. त्यात मूल दिवसभर क्लासमध्ये असतं आणि कागदावर कॉलेजात. सरकारनं २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढून पाहिला. पुढे काय झालं ते तुम्हीआम्ही बघतोच आहोत.


हिशेबनीस – २५ ऑगस्ट, सकाळी ९:४१

सरांना अनुमोदन, पण टाय-अपमध्ये गेलेल्यांना "वर्गशिक्षकांना भेटा" सांगून काय उपयोग? तिथे वर्गशिक्षक मुलाला ओळखतच नाहीत. म्हणून मी ॲपच्या बाजूनं बोलणार, शिव्या पडल्या तरी चालेल.

मोठ्याची बारावी. दिवाळीपर्यंत रँक बरी, मग घसरत गेली. घरी विचारलं की "पेपर टफ होता, सगळ्यांनाच कमी आहेत". ॲपवर सरासरीही दिसते. सगळ्यांना कमी नव्हते. मग एका आठवड्यात तीन लेक्चर गैरहजर दिसली. हा घरून वेळेवर निघत होता आणि अभ्यासिकेत जाऊन बसत होता. रोटेशनल डायनॅमिक्स डोक्यावरून गेलं होतं, त्यावर उभे राहिलेले पुढचे धडेही गेले, आणि वर्गात हात वर करायची लाज. ॲप नसतं तर मला हे निकालाच्या दिवशी कळलं असतं. क्लासची फी मी भरतो, ती लाखांत आहे, आणि मार्क बघायचे नाहीत?

त्या धड्यासाठी ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाला महिनाभर घरी बोलावलं. संध्याकाळी दोघं गच्चीवर बसायचे. तेवढ्यानं गाडी रुळावर आली.


बारावी_सुटलेली – २५ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी २०२४ ला बारावी झाले, आता फिजिओथेरपीला आहे. इथे सगळे आई-बाबा बोलतायत, म्हणून मुलांच्या बाजूनं एक.

काका, तुम्ही ॲपमुळे मुलाला वाचवलंत ते खरंच आहे. पण माझ्या बाजूनं ते ॲप असं दिसायचं : टेस्ट संपली, मी बसमध्ये आहे, रिझल्ट माझ्याआधी बाबांच्या फोनवर. घराचं दार उघडायच्या आत आत वातावरण तयार. कोणी काही बोलायचं नाही, पण आजीसुद्धा "हात धू, खाऊन घे" हे वेगळ्याच सुरात म्हणायची. म्हणजे तिच्यापर्यंतही बातमी पोचलेली. मला काय चुकलं ते बघायला अर्धा तासही मिळायचा नाही.

मग भांडण झालं, मोठं. त्यातून घरात एक नियम निघाला. मार्क मी सांगेपर्यंत कोणी विचारायचं नाही, आणि रविवारी रात्री झोपायच्या आत मी सांगायचेच. नुसते मार्क नाही, कुठे गेले तेपण. बाबांनी नोटिफिकेशन बंद केलं, ॲप काढून टाकलं नाही.


हिशेबनीस – २५ ऑगस्ट, दुपारी १:५२

आणि सांगितले नाहीत तर?


बारावी_सुटलेली – २५ ऑगस्ट, दुपारी २:१०

एकदा नाही सांगितले. बाबांनी ॲप उघडून बघितलं असणार, पण विषय काढला बुधवारी, गाडीवर मागे बसले असताना. गाडीवर समोरासमोर बघावं लागत नाही, हा मोठा फायदा.

आणखी एक. मी नीट दिली ते २०२४ चं वर्ष. ४ जूनला निकाल आला, ७२० पैकी ७२० वाले ६७ जण, मग १,५६३ जणांचे वाढीव गुण रद्द, पुन्हा परीक्षा, सुप्रीम कोर्ट. माझा स्कोअर तसाही एमबीबीएसचा नव्हता. पण घरात दिवसभर न्यूज चॅनल चालू. प्रत्येक ब्रेकिंगला बाबा, "आता कटऑफ खाली येईल बघ." मला रोज नव्यानं आशा लावून घ्यावी लागायची आणि रात्री सोडून द्यावी लागायची. शेवटी आईनं केबल रिचार्ज केलीच नाही त्या महिन्यात. तिनं माझ्यासाठी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत जास्त आवडलेली.


मृद्गंधा – २५ ऑगस्ट, दुपारी ३:०५

केबलचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, तो गप्पच झाला. आमच्याकडे क्रिकेट असतं.

@खडू_डस्टर सर, सप्टेंबरात नक्की जाते.


मांजराकाठ – २५ ऑगस्ट, रात्री ९:१८

मी लिहू की नको करत होते. आम्ही उदगीरकडचे. मुलाला नीट करायची होती म्हणून दोन वर्षं मी त्याच्याबरोबर लातूरला खोली करून राहिले. नवरा गावी, शेत आणि म्हातारी माणसं. धाकटी माझ्याजवळ, तिची शाळा बदलली.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : आमच्या भागात हे नवीन नाही. एकेका इमारतीत सहा-सात बिऱ्हाडं अशीच, आई आणि एक मूल. बाप शनिवारी एसटीनं येतो, गावचं दूध, ज्वारीचं पीठ, भाजी घेऊन, आणि रविवारी संध्याकाळी परत. गल्लीत झेरॉक्सची दुकानं, मेस, अभ्यासिका आणि प्रत्येक खांबावर गुणवंतांचे फोटो. लोक म्हणतात लातूर पॅटर्न. पूर्वी तो बोर्डाच्या मेरिट लिस्टमुळे गाजला, आता नीटवर चालतो.

आता मुद्दा. मृद्गंधाताई, तुम्हाला वाटतं की आपण लांब पडलो. मी चोवीस तास दोन खोल्यांत त्याच्यासमोर होते आणि मला कमी कळत होतं. कारण मला दुसरं कामच नव्हतं. तो पाणी प्यायला उठला तरी मी बघायची. पंख्याचा वेग, डोळ्याखालची वर्तुळं, मोबाइल किती वेळ हातात. संध्याकाळी जिन्यात आम्ही आया बसायचो आणि तुझ्याचे किती, माझ्याचे किती. घरी येऊन मी काही बोलायचे नाही, पण त्याला चेहऱ्यावरून कळायचं की आज जिन्यात कोणाचा मुलगा पुढे गेला.

एक दिवस तो म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी घर सोडलंस हे मला रोज उठल्याबरोबर आठवतं." मला आधी बरं वाटलं. रात्री कळलं की तो तक्रार करत होता.

त्यानंतर मी खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ब्लाऊज शिवायला जायला लागले. दुपारी चार तास. पैसे थोडे, पण त्याला चार तास घर रिकामं मिळालं. मी आले की मी बोलायची, आज कोणती गिऱ्हाईक भांडली, कोणाचं माप चुकलं. हळूहळू तो पण बोलायला लागला, अभ्यासाचं नाही, इकडचं तिकडचं. पण त्यातूनच मला कळलं की रसायनाच्या सरांना तो घाबरतो.

त्याला पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. पुढे आयुर्वेदाच्या बीएएमएसला लागला, खूश आहे. एक वर्ष ड्रॉप घे म्हणून सगळे मागे लागले होते. त्याचे वडील जास्त शिकलेले नाहीत, ते म्हणाले, "त्याला विचारा ना." आमच्या घरात तोवर कोणी विचारलंच नव्हतं.


गोमंतकी – २५ ऑगस्ट, रात्री १०:४४

मांजराकाठ, दंडवत. पुढचं काही लिहवत नाही आता.


खडू_डस्टर – २५ ऑगस्ट, रात्री ११:०२

ताई, जिन्यातल्या गप्पांबद्दल तुम्ही लिहिलंत ते कोणी बोलत नाही. इथे नाव न घेता सांगतो, आमच्याकडे एका पालकांच्या ग्रुपवर क्लासची रँकलिस्ट नावानिशी फिरते. कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.


जर्सीकर – २६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

रच्याकने (जाता जाता), उलट टोकाचं उदाहरण. इथे न्यू जर्सीत हायस्कूलचं पोर्टल असतं. प्रत्येक गृहपाठाचा, प्रत्येक छोट्या चाचणीचा गुण पालकांना दिसतो. माझी बायको मीटिंगमध्ये बसून मुलाला मेसेज करते, "इतिहासाचा गृहपाठ का नाही दिलास?" तो वर्गात बसून उत्तर देतो, "दिलाय, सरांनी अजून चढवला नाही." दोघंही आपापलं काम सोडून हेच करतायत.

आणि मग मुलगा कॉलेजात गेला की एका दिवसात पडदा. इथल्या कायद्यानं १८ वर्षं पूर्ण झाली किंवा कॉलेज सुरू झालं की शैक्षणिक नोंदींचा हक्क मुलाकडे जातो. फी आम्ही भरणार, पण गुणपत्रक दाखवायचं की नाही ते तो ठरवणार. आमच्या भारतीय मंडळींना हा धक्का पचत नाही. म्हणून सांगतो, बारावीत सवय करा. पोर्टल आठवड्यातून एकदाच उघडायचं असं आम्ही धाकटीच्या वेळी ठरवलंय. पाळलं जातंय असा दावा नाही.


हिशेबनीस – २६ ऑगस्ट, सकाळी ९:१२

जर्सीकर, तुमच्याकडे शाळा सगळं दाखवते म्हणून तुम्ही डोळे मिटू शकता. आमच्याकडे ॲप बंद केलं तर बघणारं दुसरं कोणीच नाही. तरी बारावी_सुटलेलीचा रविवारचा नियम मला पटला. धाकट्याला सांगून बघतो. तो म्हणेल सोमवार करा.


अष्टपैलू_नव्हे – २६ ऑगस्ट, सकाळी ११:२७

इथे सगळे सायन्सचेच का? माझा मुलगा आर्ट्सला आहे. त्याला ॲप नाही, क्लास नाही, रँक नाही. नातेवाइकांना त्याची बारावी आहे हेच आठवत नाही. दिवाळीत सगळ्या भावंडांना पेनं वाटली गेली, "यंदा बारावी ना!" म्हणून. याला विचारलं, "तू काय करतोस सध्या?"

आमच्याकडे काम वेगळं आहे. पाच वर्षांच्या लॉची सीईटी वेगळी, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आलीय, तिचा फॉर्म वेगळा. कॉलेजात सांगणारं कोणी नाही. सगळ्या तारखा मी शोधून कॅलेंडरवर लाल पेननं लिहिते. त्याला इतिहास शिकायचाय. मी सध्या त्याच्याबरोबर पेपरातलं एक संपादकीय वाचते आणि भांडते. बहुतेक वेळा तो जिंकतो.


शेपूचा_चाहता – २६ ऑगस्ट, सकाळी ११:४०

अष्टपैलू ताई, पेनं आमच्याकडे पडून आहेत, पाठवतो.


रात्रपाळी – २६ ऑगस्ट, दुपारी १२:५५

मी नर्स आहे, म्हणून एवढंच. अभ्यास, मार्क राहू द्या, झोप बघा. पहाटे चारला उठवण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे. रात्री एक ते चार झोपलेलं मूल पुस्तक उघडून बसतं, वाचत नाही. जेवण अचानक कमी होणं, आंघोळीचा कंटाळा, मित्रांचे फोन न घेणं, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" असं बोलणं, यातलं काही दिसलं तर चाचणीचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी बोला. टेलि-मानसची १४४१६ ही मानसिक आधारासाठीची सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पालकांनीही फोन केला तरी चालतो. नंबर फ्रिजवर लावा. घरात कोणाला लागणार नाही असं गृहीत धरू नका.


कागदपत्रे_काका – २६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३३

एवढा मोठा धागा झाला आणि पालकांच्या खऱ्या कामाला कोणी हातच घातला नाही. अकरावी-बारावीत मुलानं अभ्यास करावा आणि आई-बापानं कागद गोळा करावेत. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्राच्या रांगेत घाम पुसणारे लोक बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नावं जुळवा. दहावीचं गुणपत्रक, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख एकसारखी हवी. एकीकडे "लक्ष्मीबाई" आणि दुसरीकडे "लक्ष्मी" असेल तर आत्ता दुरुस्त करा. बारावीच्या वर्षी साधारण ऑक्टोबरच्या सुमारास बोर्डाचा फॉर्म कॉलेजातून भरला जातो, तो सही करण्याआधी स्वतः वाचा. विषयांचे कोडसुद्धा.

मग वास्तव्याचा दाखला. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे लागतात. बदलीच्या नोकरीवाल्यांनी घाई करा.

आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांसाठी सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. जातीचा दाखला वेगळा आणि त्याची वैधता वेगळी, हे लोकांना बारावीच्या निकालानंतर कळतं. अर्ज कॉलेजच्या पत्रासह ऑनलाइन भरून जिल्हा पडताळणी समितीकडे द्यायचा, अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विभागाची समिती वेगळी. समितीला जुने पुरावे लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. हे काम अकरावीत सुरू करा.

नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. याची मुदत ३१ मार्चला संपते. अकरावीत काढून निर्धास्त बसलात तर प्रवेशाच्या वेळी ते बाद झालेलं असू शकतं, तारीख बघा. आणि नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी किंवा एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं लागतं, राज्याचं चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच.

मुलींच्या पालकांनी हे वाचाच : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलगी हुशार आणि बाप दाखला काढायला विसरला, हे पाहायला लावू नका.


मृद्गंधा – २६ ऑगस्ट, रात्री ८:४७

काका, साष्टांग! आम्ही ओबीसी. यांचा जातीचा दाखला आहे, वैधता नाही. सासरे शाळेतच गेले नव्हते, १९६७ पूर्वीचं काय दाखवायचं? त्यांचे मोठे भाऊ सिन्नर तालुक्यात गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले होते असं म्हणतात.


कागदपत्रे_काका – २६ ऑगस्ट, रात्री ९:१५

मग झालं की! मोठ्या भावाचा प्रवेश-निर्गम उतारा काढा, जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये जातीची नोंद असते. शाळा एकत्र झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत सापडू शकतं. शिवाय गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, तहसील कार्यालयात विचारा. त्यात सासऱ्यांच्या जन्माची नोंद मिळू शकते. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून नातं जोडायचं. यांच्या वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, चुलत दीर, पुतण्या कोणीही, तर तिची प्रत जोडा, त्यानं फार सोपं होतं.

गणपतीसाठी गावी जाणार असाल तर शाळा बंद असेल हे लक्षात ठेवा. सुट्टीनंतर जा.


बारावी_सुटलेली – २६ ऑगस्ट, रात्री ९:४०

काकांच्या यादीत एक राहिलं : फॉर्मवर मोबाइल नंबर कोणाचा?

आमच्याकडे नीटचा बाबांचा, सीईटीचा माझा, स्कॉलरशिपचा मामाचा, कारण तो सायबर कॅफेत बरोबर आला होता. कॅपचे पर्याय भरायच्या शेवटच्या दिवशी ओटीपी मामाकडे गेला आणि मामा कुठल्याशा लग्नात नाचत होता.


हिशेबनीस – २६ ऑगस्ट, रात्री ९:५८

सगळीकडे वडिलांचा द्यावा. मुलं सिम बदलतात.


बारावी_सुटलेली – २६ ऑगस्ट, रात्री १०:०३

काका, वडील मीटिंगमध्ये असतात. मुलीचाच द्यावा, आणि पासवर्ड एका वहीत लिहून घरात ठेवावा. कॉलेज मला निवडायचंय, तर पर्यायांची यादी पण मीच कन्फर्म करणार ना?


हिशेबनीस – २६ ऑगस्ट, रात्री १०:११

यादी तू कर. पण पहिल्या नंबरावर काय टाकलंयस ते मला दाखवल्याशिवाय कन्फर्म नाही. पहिला पसंतीक्रम लागला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद.


खडू_डस्टर – २६ ऑगस्ट, रात्री १०:२०

या मुद्द्यावर दोघांनाही अनुमोदन. नंबर मुलीचा, वही घरात, आणि कन्फर्मचं बटण दाबताना दोघं एका टेबलाशी. यंदा आमच्या कॉलेजातल्या मदत केंद्रावर एक वडील आले होते, मुलीनं पहिल्या क्रमांकावर काय भरलंय ते त्यांना माहीत नव्हतं आणि तिला तिच्या यादीतलं तिसरं कॉलेज कुठल्या गावात आहे ते.


मृद्गंधा – २६ ऑगस्ट, रात्री १०:३१

वही आजच आणली. लेकीनं कव्हरवर "आईची जर्नल" लिहिलंय. सर, ही पण तपासून मिळेल का?